एकोणिसावा खाना

अण्णा,

काल गुरुवार होता. चाकणच्या कंपनीत लागल्यापासून माझी साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच असते, तुमच्यासारखी. सकाळची भाजी निवडून झाली आणि काय मनात आलं कोण जाणे, स्टूल ओढून माळ्यावरचा तुमचा खोका खाली काढला. चिखलीचं घर सोडून आम्ही चऱ्होलीला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आईने तो दोरी बांधून दिला होता, तसाच होता. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तो एकदाही उघडला नाही. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात तुमचा फोन आला होता. मी तेव्हा नाशिकला ट्रेनी. "रविवारी ये. गाडीचं एक काम झालंय, तुला दाखवायचंय," म्हणालात. काय झालंय ते मात्र सांगेनात. मी म्हणाले, ओव्हरटाइम लागलाय. तुम्ही म्हणालात, "बरं. मग पुढच्या टायमाला." त्यानंतरच्या बुधवारी कंपनीत, पॅनेलसमोर उभे असताना तुमच्या छातीत कळ आली. ओव्हरटाइम नव्हता, अण्णा. मी रूमवरच होते. त्या रविवारी मी चादरी धुतल्या आणि दुपारभर झोपले. तुम्ही मात्र त्या दिवसाची ड्युटी कुणाशी तरी बदलून घेतली होती, हे मला तेराव्याला तुमच्या शिफ्टमधल्या एका माणसाने सांगितलं. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे, तुम्हाला काय दाखवायचं होतं. आणि तो खोका उघडायची हिंमत काही होत नव्हती.

खोका तुमच्या कंपनीतल्या जर्मन साहेबांनी दिलेला. त्यांच्या बंगल्यावर इन्व्हर्टर बघायला तुम्हाला पाठवलं आणि तुम्ही दिवाणखान्यात मांडलेल्या छोट्या आगगाडीसमोर तासभर उभे राहिलात, हे आई अजून सांगते. मायदेशी परत जाताना साहेबांनी दोन इंजिनं, चार डबे, गोल मांडायचे रूळ आणि एक काळा कंट्रोलर तुमच्या हातात ठेवला. आई म्हणाली होती, "त्यापरीस मिक्सर दिला असता तर." तुम्ही हसलात. माहितीपुस्तक सगळं जर्मनमध्ये. तरी महिन्याभरात तुम्ही शोधून काढलंत की इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक चिप असते, तिला डिकोडर म्हणतात, आणि प्रत्येक डिकोडरला आपला नंबर असतो. कंट्रोलरवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन ऐकतं, दुसरं उभं राहतं. त्या डिकोडरमध्ये बारीक बारीक जागा असतात आणि प्रत्येकीत एक आकडा लिहिता येतो. इंजिन किती वेगाने सुटावं, किती पळावं, वेग धरायला किती वेळ घ्यावा, ते सगळं त्या आकड्यांवर. तुम्ही त्यांना खाने म्हणायचात. दुसरा खाना, पाचवा खाना, जसं काही आईच्या मसाल्याच्या डब्याबद्दल बोलताय. मी तेव्हा अकरावीत. लाल इंजिन माझं, नंबर सात. हिरवं तुमचं, नंबर चोवीस.

तुमच्या दोन शिस्ती होत्या. खान्यात काही लिहायचं तर रुळावर एकच इंजिन ठेवायचं, आणि लिहायच्या आधी जुना आकडा वाचून वहीत उतरवायचा. आजमावून बघायचे आकडे पेन्सिलीने. पक्के झाले की शाईने. मला हे म्हाताऱ्या माणसाचे सोपस्कार वाटायचे. एका संध्याकाळी तुम्ही दळण आणायला गेला होतात, मी दोन्ही इंजिनं रुळावर असतानाच लालचा वेग बदलायला बसले आणि दोघांच्याही सगळ्या खान्यांत तेच आकडे लिहून बसले. तुम्ही येऊन बघताय तर दोन्ही इंजिनं सात नंबरला धावतायत. तुम्ही पीठ खाली ठेवलंत. माझ्याकडे बघता, पुन्हा रुळाकडे बघता. ओरडत नाही. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," म्हणता, "अगं, हाय ते आधी बघून घ्यावं माणसानं. मग आपली हुशारी." आणि दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मी रडून रडून डोळे सुजवले होते. तिसऱ्या दिवशी तुम्हीच हाक मारलीत आणि लालचे आकडे मला माझ्या हाताने पुन्हा बसवायला लावलेत. चार संध्याकाळी गेल्या. माझं इंजिन सुटताना थोडं अडखळायचं, मग एकदम पळायचं, आणि मला ते तसंच आवडायचं. तुम्ही म्हणालात, "तुझ्यावरच गेलंय." ते आकडे मी शाईने लिहिले.

मग मी ताथवड्याच्या कॉलेजात गेले आणि मला शिंगं फुटली. मैत्रिणी घरी आल्या की मी रूळ आधीच गुंडाळून ठेवायला सांगायची. एकदा तुम्ही एकीला कौतुकाने गाडी दाखवायला निघालात तर मी तिच्यादेखत म्हणाले, अण्णा, हे खेळणं बास आता. तुम्ही कंट्रोलर बंद केलात आणि चहाचं बघायला आत गेलात. त्यानंतर तुम्ही मला कधी बस म्हणाला नाहीत, आणि मीही बसले नाही. त्या नाशिकच्या फोनपर्यंत.

तर काल. अडॅप्टर फुगला होता, लॅपटॉपचा जुना लावून भागवलं. रूळ खोडरबराने घासले, चाकं स्पिरिटने पुसली. हिरवं इंजिन ठेवलं, चोवीस दाबलं. काही नाही. दिवासुद्धा नाही. तीन दाबलं, कारण नवा डिकोडर तीन नंबरवर येतो. काही नाही. लाल ठेवलं, सात दाबलं, तेही मख्ख. मी दिवसभर कंपनीत लाखांची मशीनं प्रोग्रॅम करते, पोरं मला मॅडम म्हणतात, आणि हे हातभर खेळणं माझं ऐकेना. अर्ध्या तासात माझं डोकं सटकलं. सगळे डिकोडर ऐकतात असा एक उपाय असतो: आठव्या खान्यात आठ लिहायचं. मग आतलं सगळं पुसलं जातं आणि इंजिन कारखान्यातून आलं तसं कोरं होतं. हिरवं एकटंच रुळावर होतं, तेवढी एक शिस्त मी पाळली. दुसरी नाही पाळली. न वाचताच आठ लिहिलं. तीन नंबर दाबला आणि ते दावं सुटलेल्या वासरासारखं पळत सुटलं. मी टाळी वाजवली, अण्णा. घरात एकटीच असल्यासारखी टाळी वाजवली.

आवाज ऐकून आई चहा घेऊन बाहेर आली. गुडघे धरत पलंगावर टेकली आणि एकट्या हिरव्या इंजिनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकच का? ते तर दोन्ही एकापाठी एक लावून बसायलते रोज."

"कधी?"

"जायच्या आदी. पंधराएक दिस चाललंतं त्यांचं. मी म्हनलं, काय करायलाव? तर म्हनले, ती आली की दोघींना संगंच दावतो. मला बी दावलं न्हाई."

"आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलंस? खोका म्हनलं की उठून जायलीस."

लाल इंजिनातलंही सगळं मी पुसायच्याच बेतात होते. ते रुळावर ठेवून या वेळी वाचायला घेतलं, आणि सरळ एकोणिसावा खाना उघडला. हा खाना जोडीचा. दोन इंजिनं एकत्र जुंपायची, घाट चढताना जुंपतात तशी, तर दोघांच्या एकोणिसाव्या खान्यात एकच नवा नंबर लिहायचा. मग ती आपापल्या नंबराला ओ देत नाहीत, फक्त जोडीच्या नंबराला देतात. कोरा असेल तर तिथे शून्य असतं. लालच्या खान्यात एकतीस होतं. बिघाड काही नव्हताच. दोन्ही इंजिनं ठणठणीत होती, एकतीसची वाट बघत होती. मी एकतीस दाबलं. लाल थोडं अडखळलं, मग निघालं. एकटंच.

जोडी नुसता नंबर लिहून जमत नाही हे तुम्हीच शिकवलेलं. दोघांची चाल एक व्हावी लागते, नाहीतर एक ओढतं आणि दुसरं फरफटतं. म्हणून मी लालचे सगळे खाने वाचले आणि तुमची वही काढली. माझ्या अक्षरातले शाईचे आकडे आणि इंजिनातले आकडे एकेक करून ताडून बघितले. तो एकोणिसावा सोडला तर एकही बदललेला नव्हता. पुढच्या पानावर हिरव्याचे आकडे होते, तुमचे, पेन्सिलीने, खोडून पुन्हा लिहिलेले, पुन्हा खोडलेले, कागद फाटेपर्यंत. शेवटचा कुठला ते कळत नाही. शाईने काहीच नाही. माझं इंजिन तुम्ही तसंच ठेवलं होतंत, अडखळणारं. तुमचं सरळ चालणारं इंजिन तुम्ही पंधरा दिवस बसून माझ्यासारखं अडखळायला शिकवलंत. खेळणं म्हणाले होते मी त्याला. ते तुम्हाला मला दाखवायचं होतं, आणि तेरा वर्षं ते त्या चिपमध्ये शाबूत होतं, आणि काल सकाळी अकराच्या सुमाराला मी ते पुसलं. टाळी वाजवून.

हिरव्याला पुन्हा लालच्या चालीवर आणणं मला येतं. दोन गुरुवार पुरतील. पण अण्णा, ते मी केलेलं होईल. तुम्ही केलेलं मला बघायचं होतं. मला आयुष्यात एवढं वाईट तुम्ही गेलात तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा कामं होती, माणसं होती, आई होती सांभाळायला. काल नुसती बसून राहिले.

हे सगळं आई समोर बसून बघत होती. तिला खान्यांतलं काही कळत नाही. कपात चहा निवला तरी हलली नाही. मग म्हणाली, "कळलं का काय केलंतं ते? जोड की दोन्ही. मला बी बगू दे एकडाव."

मी म्हणाले, हिरव्यातलं सर्किट जळलंय, आता नाही होणार. ती "बरं" म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. सर्किट जळलेलं नाही. आत्ता आई आत भांडी घासतेय आणि मी हे तुमच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, ते तिला वाचून दाखवायची माझ्यात ताकद नाही.