पहिल्या ताऱ्याची खात्री

३ डिसेंबर
माझ्या मुलीचा, बोग्नाचा फोन. चार वर्षांनी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी येते म्हणाली, लेकीला घेऊन. कलिना साडेतीन वर्षांची झाली. माझ्या या नातीला मी अजून फोटोतच पाहिली आहे. आमच्याकडून साडेपाचला निघतील, कारण पुढे सासूकडेही जेवायचं आहे. मी म्हटलं, ये. बाकी एक शब्द बोलले नाही, याची इथे नोंद करते.
झेनॉन म्हणाला, "तेवढंच पुढेही चालू ठेव."
नवरा असून असं बोलतो.

४ डिसेंबर
चार वर्षांपूर्वी काय बिघडलं, याचा शांत डोक्याने विचार केला. चूक झेनॉनची. नाताळच्या आदल्या दिवसाचा उपास पहिला तारा दिसल्यावरच सोडायचा. त्या वर्षी हा अंगणातून ओरडला, "तारा! तारा!" आणि आम्ही बसलो जेवायला. नंतर कळलं, विमान होतं. मग चांगलं कसं होणार?
ओप्वातेकचा, नाताळच्या पवित्र भाकरीचा, पातळ पापुद्रा एकमेकांच्या हातातला मोडताना शुभेच्छा द्यायच्या असतात. मी बोग्नाला दिल्या. देव तुला चर्चमध्ये लग्न करायची बुद्धी देवो, नोंदणी कचेरीतला तो कागद पोटातल्या बाळाच्या काय कामाचा. अगदी मनापासून दिल्या. तिने तुकडा टेबलावर ठेवला, कोट चढवला आणि गेली. सूपसुद्धा न पिता.
यंदा तारा खराच असला पाहिजे. बाकी मी सांभाळते.

९ डिसेंबर
चर्चमधल्या पहाटेच्या मिस्साहून येताना मोबाइल दुरुस्तीवाल्या बाईने फोनवर अ‍ॅप घालून दिलं. आकाशाकडे फोन धरला की वर काय आहे त्याचं नाव येतं. तारा, ग्रह, सॅटेलाइट, सगळं. फुकटातलं घेतलं. मध्ये मध्ये जाहिराती येतात, त्या सोसायच्या.
फोन पडून फुटू नये म्हणून झेनॉनच्या जुन्या फोनचं कातडी कव्हर चढवलं. छान चटकन मिटतं.

१३ डिसेंबर
आज संध्याकाळी सराव. आपल्या डोक्यावर एवढं सामान फिरतं, मला कल्पना नव्हती! तुटके सॅटेलाइट, रॉकेटचे रिकामे डबे. इतकी वर्षं आपण कशाकशाखाली उपास सोडले, देव जाणे.
अ‍ॅप सारखं म्हणतं, फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा. असले चाळे मी अंगणात करणार नाही. शेजारीण बघते.

१९ डिसेंबर
पापांची कबुली द्यायला गेले. काही फारसं निघालं नाही. फादरना अ‍ॅपबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "बाई, घरात लहान मूल येणार आहे ना? त्याला भूक लागायच्या आत बसा." फादर नवे आहेत, तरुण आहेत.
बोग्नासाठी शुभेच्छा लिहून काढल्या. एकच ओळ ठरवली होती. दीड पान झालं. लग्नाचा उल्लेख नाही. फक्त कलिनाच्या बाप्तिस्म्याचा आहे, तोही प्रेमाने.

२४ डिसेंबर, दुपारी तीन
आल्या! कलिनाची हनुवटी थेट माझ्या आईची. बोग्नाने मला मिठी मारली. मी तिला वाळलीस म्हटलं नाही. बारा पदार्थ तयार, कार्प मासा खरपूस तळला आहे, खसखशीचा रोल झाकून ठेवला आहे. आकाश स्वच्छ. यंदा काही चुकायचं कारणच नाही.

२४ डिसेंबर, संध्याकाळी सात
झालं ते क्रमाने लिहिते.
चार वाजून दहा मिनिटांनी कलिना अंगणात टुणकन उडी मारून ओरडली, "आजी, तारा! मला पहिला दिसला!" चर्चच्या मनोऱ्याच्या डावीकडे. मी फोन धरला. अ‍ॅप म्हणालं, रॉकेटचा रिकामा डबा. मी पोरीला समजावलं, बाळ, हा तारा नाही, डबा आहे.
बोग्ना म्हणाली, "आई, तो हलत नाहीये."
मी म्हटलं, लांबून तसं वाटतं.
झेनॉन मला म्हणाला, "गेन्या, डबा तर डबा. सूप निवतंय."
मग वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात आली, ती जाईपर्यंत ढग. तासभर ढग. कलिना रडायला लागली. तिला खसखशीचा रोल हवा होता. मी म्हटलं, थोडी कळ काढ, बाळ येशूसाठी. तिने आईला विचारलं, "त्या आजीकडे तारे आहेत का?"
सव्वापाचला बोग्ना ओप्वातेक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "आई, राहू दे ना तारा. मोड."
तुकडा माझ्या बोटांना टेकवला तिने. निघायची घाई असणार. मी म्हटलं, दोनच मिनिटं, ढग सरकतोय.
साडेपाचला त्या गेल्या. झेनॉनने दारातच तिच्या हातातला तुकडा मोडला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, मी वर बघत होते.
भांडण झालं नाही. मागच्यापेक्षा पुष्कळच बरं.

२५ डिसेंबर
मिस्सानंतर दुरुस्तीवाली बाई भेटली. माझा फोन बघून हसायलाच लागली. "अहो, या कव्हरला चुंबक आहे! दिशा चुकणारच." संध्याकाळी कव्हर काढलं. चार वाजून दहा मिनिटांनी, मनोऱ्याच्या डावीकडे, तोच उजेड. अ‍ॅप म्हणालं, कॅपेला. तारा.
झेनॉन फोनवरचं नाव वाचून आत निघून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.
आज जेवण जात नाही.

२६ डिसेंबर
बोग्नाला फोन केला. चुकू नये म्हणून कागदावर लिहून घेतलं होतं: कलिनाचा तारा खरा होता. माझं चुकलं. तेवढं वाचलं.
बोग्ना अगदी हळू म्हणाली, "आई... एवढंच?"
तिला ते अपुरं वाटलं, हे मी लगेच ओळखलं. म्हणून पुढचंही सांगितलं. चुंबकाचं, झेनॉनच्या विमानाचं, मी मनापासून दिलेल्या शुभेच्छांचं, आणि विषय निघालाच होता म्हणून बाप्तिस्म्याचं. वीस मिनिटं बोलले. मन हलकं झालं. मग लक्षात आलं, फोन बंद आहे. कधीपासून, ते कळेना.
झेनॉन शेजारीच बसला होता. म्हणतो, तिच्या 'एवढंच?' नंतर लगेचच बंद झाला. 'माझं चुकलं' तेवढं तिने ऐकलं आणि ती रडत होती, ते त्याला ऐकू आलं.
म्हणजे महत्त्वाचं सगळं राहूनच गेलं. उद्या पुन्हा फोन करते.