घरात मशीनचा विषय काढायचा नाही

४ सप्टेंबर

पलीकडच्या कंपनीनं त्यांच्या नव्या गेमच्या मशीनची किंमत जाहीर केली! आमची जाहीर व्हायला आठवडा उरलेला असताना! आणि आकडा कोणता, तर आमच्या आकड्याच्या बरोब्बर एक पायरी खाली. असा नेम अंदाजानं लागत नाही. कोणीतरी आमचा आकडा उचलून त्यांच्या हातात ठेवला आहे.

सकाळी मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांची जाहिरात स्क्रीनवर लावली. सगळ्यांना शेवटपर्यंत बघू दिली. मग माझ्याकडे बघितलं. बोलायची तरी गरज काय? माझा नवरा कुठं नोकरी करतो हे सगळ्या खोलीला माहीत आहे. दोन वर्षं त्या आकड्यासाठी जीव काढला मी — चिप केवढ्याला पडते, डबा, पंखा, वायर, बोटीचं भाडं, दुकानदाराचं कमिशन. आणि आज चोर मीच!

५ सप्टेंबर

नवऱ्यानं चहा आणून ठेवला. घेतला नाही. "थंड होतोय," म्हणाला. बस्स. एवढंच सुचलं त्याला.

आमच्या घरात एक नियम आहे. मशीनचा विषय काढायचा नाही. लग्न ठरलं तेव्हाच मी घातलेला. तो त्यांच्याकडे चिपचं काम बघतो, मी आमच्याकडे किमतीचं, आणि दोन्ही कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. ऑफिसचा फोन आला की ज्याचा त्यानं बाल्कनीत जायचं. लॅपटॉप ज्याचा त्याच्या कपाटात. दोघांपैकी कुणाच्याही कंपनीचं मशीन घरात आणायचं नाही. म्हणून तर सासूबाई दुपारभर खेळतात ते तिसऱ्याच कंपनीचं, जुनं, नणंदेनं दिलेलं. लोकांना याचं हसू यायचं. मला अभिमान होता. कित्येक वर्षांत एकदाही मोडला नाही.

निदान मी तरी नाही मोडला.

७ सप्टेंबर

आमची किंमत जाहीर करणं पुढं ढकललं, आणि साहेबांचं नवं टुमणं. खाच काढा! डिस्क घालायची खाच. पलीकडच्यांच्या मशीनला नाही ना, मग आपल्यालाही नको. तेवढाच खर्च वाचेल, तेवढीच किंमत उतरवता येईल.

मी म्हटलं, साहेब, ते स्वस्त देत नाहीत हो, तोट्यात देतात. मशीन हसत हसत हातात ठेवतात आणि मग गिऱ्हाइकाची मानगूट धरतात. खाच नाही म्हणजे गेम त्यांच्याच दुकानातून, ते म्हणतील त्या भावात. वर दरमहा वर्गणी. जुनी डिस्क विकता येत नाही, मित्राची आणता येत नाही. तिसऱ्या कंपनीवाले वेगळे शहाणे. जुनीच चिप, साधा डबा, पहिल्या दिवसापासून नफा, आणि भाव म्हणून उतरवत नाहीत. आमच्याकडं तिसरा रस्ता होता. जेवढ्याला पडतं तेवढ्याला विका, खाच ठेवा, आणि लोकांना सरळ सांगा की घेतलेली वस्तू तुमची. तिन्ही मशीनचा पाच वर्षांचा खर्च मांडून दाखवला मी. सगळ्यांत महाग कोण? ज्याची किंमत सगळ्यांत कमी तेच!

साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक एकच आकडा बघतं. डब्यावरचा." आणि पान न उलटताच कागद माझ्याकडे सरकवले. तळपायाची आग मस्तकात गेली.

८ सप्टेंबर

चौकशी. माझी. सुरक्षा विभागाचा माणूस, चेहरा इस्त्री केल्यासारखा.

"घरी कोण कोण असतं?"

"नवरा आणि सासूबाई."

"सासूबाई काय करतात?"

"दुपारी गाड्या उडवतात."

लिहून घेतलं त्यानं! नंतर अर्धा मिनिट माझ्याकडे बघत बसला. गेममध्ये हो, म्हटलं, गेममध्ये. लॅपटॉप काढून घेतला. सही करून दिला मी, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. रागानं रडले. तिथंही नळ सोडून ठेवावा लागला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

११ सप्टेंबर

आज विचारलंच. जेवताना, सरळ.

"आमचा आकडा तू सांगितलास का?"

त्यानं घास खाली ठेवला. "मशीनचा विषय घरात काढायचा नाही, असं तूच म्हणाली होतीस."

"मी आता तोच नियम मोडतेय! हो की नाही, एवढं सांग!"

"एका गोष्टीचं उत्तर दिलं की दुसरी निघेल. मग तिसरी. मला जमणार नाही."

दुसरी कुठली? तिसरी कुठली? निर्दोष माणूस "नाही" म्हणतो. एक शब्द! त्याला एवढे कष्ट पडतात? मी उठले. ताट जोरात आपटलं, कपचा उडाला. उडू दे.

१२ सप्टेंबर

नवरा हॉलमध्ये झोपतो आहे. झोपू दे.

१४ सप्टेंबर

सासूबाईंच्या चष्म्यासाठी बाजारात गेलो. येताना त्या खेळांच्या दुकानापाशी थबकल्या. काचेमागं पलीकडच्यांचं नवं मशीन, दिव्यांच्या माळेत. नको म्हणेपर्यंत आत.

फिरवून फिरवून बघितलं त्यांनी. मग दुकानदाराला म्हणाल्या, "यात डिस्क कुठून घालायची?"

"आजी, डिस्क गेली आता. गेम सगळे नेटवरून येतात."

"आणि खेळून झाला की? माझा झाला की मी खालच्या मास्तरीणबाईंना देते. त्यांचा मी आणते."

"त्यांनी त्यांचा घ्यायचा."

"म्हणजे एकच गेम दोघींनी दोनदा विकत घ्यायचा?" सासूबाईंनी पिशवी उचलली. "चल गं. हे मशीन नाही, जळू आहे."

दोन वर्षं मी जे तक्ते काढून सांगत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. हसू आलं. किती दिवसांनी! रस्ताभर दोघी हसत होतो. घरी आल्यावर दारात त्याच्या चपला दिसल्या आणि तोंड कडू झालं.

१८ सप्टेंबर

खाच गेली. साहेबांनी सही केली. मेमरीही कमी केली, पंखाही हलका घातला. आता आमचं मशीन म्हणजे पलीकडच्यांच्या मशीनची पडकी नक्कल. ते पुढच्या महिन्यात पुन्हा भाव पाडणार आणि आम्ही हात चोळत बसणार. त्यांच्यापाशी तोटा सोसायला खिसा आहे, आमच्यापाशी नाही. एवढं साधं गणित साहेबांना कळत नाही? मला तर वाटतं मुद्दाम करतात. काय वाट्टेल ते मनात येतं हल्ली.

आणि चौकशी पुरी होईपर्यंत मला किमतीच्या कामातून काढलं. भर मीटिंगमध्ये! पंखे बनवणारा आमचा इंजिनीअर जिन्यात भेटला, हळूच म्हणाला, "बाई, खापर फोडायला तुमचं डोकं सोयीचं आहे हो." सोयीचं! आणि ते सोयीचं करून कुणी दिलं? घरात बसलेल्यानं.

२१ सप्टेंबर

बॅग भरली. रविवारी ताईकडे जाते. परत कधी, माहीत नाही. नियम पाळणारा नवरा म्हणून चारचौघांत मिरवायचे मी याला. माझ्या दोन वर्षांच्या कामावर पाणी ओतलं, नाव मातीत घातलं, आणि वर मूग गिळून गप्प. मला त्याचं तोंड बघायचं नाही.

सासूबाईंनी बॅग बघितली. खेळायला बसल्या, पण मशीन लावलं नाही. रिमोट नुसता हातात धरून होत्या.

२२ सप्टेंबर

साहेबांनी नोकरी सोडली. सकाळी पत्र आलं, दुपारी बातमी. पलीकडे चालले. किमतीचे प्रमुख म्हणून! तो इस्त्रीच्या चेहऱ्याचा सुरक्षावाला माझा लॅपटॉप परत घेऊन आला, "गैरसमज झाला," म्हणाला आणि माझ्या डोळ्यांना डोळा न देता गेला.

घरी पळत आले. म्हणजे आकडा सांगणारा नवरा नव्हता! तो काहीच बोलला नव्हता! माफी मागायची म्हणून आले. चप्पलही काढली नाही, सांगून टाकलं — साहेब होते, तुमच्याकडे गेले.

तो म्हणाला, "माहीत आहे. मे महिन्यापासून येत होते आमच्या ऑफिसात. लिफ्टमध्ये दोनदा भेटलो."

मे महिन्यापासून.

मी चौकशीला बसले होते तेव्हा याला माहीत होतं. मी ताट आपटलं तेव्हा माहीत होतं. मी बॅग भरत होते, हा दारात उभा होता, तेव्हाही.

"नियम होता ना," म्हणाला.

बॅग दाराशीच आहे. उघडलेली नाही.