कावळा नसलेलं बेट

१० जून २००३, हिलोजवळ, हवाई

दादाचा फोन. काल नागपूरला बाबांचा दहावा झाला. "पिंडाला कावळा शिवलाच नाही. उन्हात ताटकळत बसलो सगळे. शेवटी दर्भाचा लावला. तुझ्यातच जीव अडकला असणार त्यांचा." आणि आपटला फोन.

मी गेले नाही. स्टॅम्पिंगचं कारण सांगितलं — गेले तर व्हिसा अडकेल. खोटं नाही ते. पण खरं कारण इओ! इथला शिकारी पक्षी, आपल्या शिक्र्याचा दांडगा भाऊबंद. जगात फक्त याच बेटावर घरटं करतो, आणि वर्षाला बहुधा एकच अंडं. माझ्या अभ्यासातल्या घरट्यातलं पिल्लू नुकतंच बाहेर आलंय. ते सोडवेना. बापापेक्षा पिल्लू! लिहितानाही लाज वाटतेय.

१२ जून

केबिनमागे केळीच्या पानावर दहीभात ठेवला, वर तीळ. मग आठवलं — इथे कावळा आहे कुठे! या बेटाचा एक होता, तोही जंगलात गेल्या वर्षापासून कुणाला दिसलेला नाही. पक्ष्यांवर पीएचडी करतेय, आणि हे मी विसरले.

संध्याकाळी पान साफ होतं. कुणीतरी शिवलं! खूप रडले.

१३ जून

पुन्हा ठेवला.

२४ जून

भात उंदीर खातात. पहिल्या दिवशीच कळलं होतं, पानावर लेंड्या होत्या; इथे लिहिलं नाही एवढंच. तरी रोज ठेवतेय. बाबांना आणखी काय देऊ?

आज अंकल कालेओ विचारत होते, "सो मेनी रॅट्स! व्हाय?" आमचं संशोधनाचं स्टेशन सांभाळतात ते. इथे वडीलधाऱ्यांना अंकल म्हणायचं, आपल्या काकांसारखं. मी खांदे उडवले.

इओची मादी मात्र खूश. एरवी टोळ नाहीतर छोटी पाखरं आणायची, आता ओहियाच्या झाडावर उंदरांची मेजवानी चाललीय. पिल्लू गुबगुबीत झालंय. माझा बॉस रवी म्हणाला, "ग्रेट सीझन, नेत्रा!" तो इथेच जन्मलेला, मराठीत फक्त "जेवलीस का" येतं. मी कौतुक मुकाट्याने घेतलं.

३ जुलै

केबिनखाली हिरव्या वड्या दिसल्या. अंकलनी उंदरांचं औषध ठेवलंय! भात बंद केला. पण विष खाल्लेला उंदीर मादीने पिल्लाला भरवला तर? रवीला सांगायला हवं. पण तो विचारणार, इतके उंदीर आले कुठून? उद्या सांगते.

४ जुलै

सुट्टी. नाही सांगितलं.

८ जुलै

पिल्लू मेलं.

रवीनेच झाडावरून खाली आणलं. चोचीतून रक्त. पंखांची पिसं जवळजवळ पुरी फुटली होती. मादी वरच्या फांदीवर, पंजात उंदीर धरून हाका मारत होती. तो खायला पिल्लूच नाही.

रवी अंकलवर ओरडला. साठीच्या माणसावर! "यू पॉइझन्ड माय बर्ड!" अंकल खाली मान घालून म्हणाले, "माय फॉल्ट, बॉस." मी तिथेच उभी होते. हातात मोजपट्टी. गप्प. माझ्यासारखी भेकड मीच.

९ जुलै

अंकलकडे गेले. सगळं सांगितलं — भात, कावळा, बाबा. ते म्हणाले, "यू फेड युअर फादर. दॅट्स गुड. बट यू लेट मी स्टँड देअर." ओरडले असते तर परवडलं असतं.

तिथून रवीकडे. त्यालाही सांगितलं.

१० जुलै

आईचा फोन. तिला पिल्लाचं बोलले नाही, फक्त पिंडाचं विचारलं.

"शिवला नाही, असं म्हणाला दादा? रागाने बोलला असेल गं. मी हात जोडून एवढंच म्हटलं — नेत्रा तिकडे पाखरं सांभाळते, तिची काळजी करू नका. तर लगेच शिवला."