अण्णांच्या गाडीचं झाकण

काचीगुडा, हैदराबाद
मंगळवार, दुपार

तीर्थरूप त्रिवेणीअक्काच्या चरणी धाकट्या विजयचा, पेट्रोलच्या वासासकट, साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? नांदेडला यंदा ऊन फार आहे म्हणे, तेव्हा भर दुपारी गच्चीवर पापड राखत बसू नकोस. कावळ्यांनी दोन नेले तर नेले. भावोजींना नमस्कार सांग. (त्यांनी कानाचं यंत्र लावलेलं असेल तेव्हाच सांग, नाहीतर तो वाया जातो.) इकडे मी, शोभा आणि माझा खोकला, तिघंही ठीक आहोत. हे पत्र मात्र तूच वाच, नातवाकडून वाचून घेऊ नकोस. मागच्या खेपेला मी 'शोभा बरी आहे' असं लिहिलं होतं, ते निखिलने 'बहिरी आहे' असं वाचलं आणि तू फोनवर पंधरा मिनिटं तिच्याशी ओरडत होतीस. तिने तेव्हापासून तुझं नाव काढलं की कानात कापूस घालायला सुरुवात केली आहे.

तर विषय गाडीचा. आपली ती लाल, दोनच माणसांची, उघड्या टपाची एमजी अजून आहे आणि अजून चालते. कोठीवर दातांचा दवाखाना चालवणाऱ्या, धोतर नेसणाऱ्या माणसाने शर्यतीची गाडी का घ्यावी, हे कोडं आईला शेवटपर्यंत सुटलं नाही. अण्णा म्हणायचे, नवाबसाहेबांची कवळी बसवता बसवता सौदा बसला. आई त्या गाडीत एकदाच बसली, मोअज्जमजाही मार्केटपाशी तिचा अंबाडा सुटला आणि ती तिथेच उतरून बसने घरी आली. मला तर वाटायचं की ही गाडी अण्णांनी माझ्यासाठीच घेतली आहे. (बारा वर्षांच्या मुलाला जगातली प्रत्येक लाल वस्तू आपली वाटते.)

या गाडीच्या मागच्या अंगाला पेट्रोलच्या टाकीचं ते निकलचं, चकचकीत झाकण आहे. पन्नासेक वर्षांत त्याची स्प्रिंग मेली, आतली चकती झिजून पापुद्रा झाली, आणि वळणावर आतलं पेट्रोल बाहेरच्या जगाची चौकशी करायला लागलं. काचीगुडा चौरस्त्यावर एक ऑटोवाला माझ्या मागून ओरडला, "साब, मोटर है कि चाय का समोवर? टपक री!" आणि त्याने स्वतःच्या तोंडातली बिडी अशी भिरकावली की मला माझ्या खऱ्या परिस्थितीची जाणीव झाली. पण खरं संकट घरी होतं. आमच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी कुलदीप (सॉफ्टवेअरमधला, सभ्य, प्रत्येक वाक्याआधी 'अंकल' लावणारा) एके सकाळी नाक दाबून आला. खाली सेलरमध्ये (म्हणजे तळघरात, जिथे गाड्या ठेवतात) वास कोंडतो, लोक घाबरलेत, रविवारपर्यंत वास गेला नाही तर गाडी सेलरमधून हलवावी लागेल. हलवायची कुठे? जुबिली हिल्सचा एक माणूस दोन वर्षं मागे लागला आहे. त्याला ती हॉटेलच्या दारात ठेवायची आहे, सीटांच्या जागी फुलझाडं लावून. अक्का, अण्णांच्या सीटवर झेंडू! मी त्या रात्री जेवलो नाही. (दोन पोळ्या खाल्ल्या, पण मन नव्हतं.)

मग मी स्वतः कामाला लागलो. शोभाच्या जुन्या कुकरची रिंग कापून झाकणात बसवली. ती इतकी घट्ट बसली की मी विजयी मुद्रेने पेट्रोल भरायला गेलो. तिथे कळलं की रबर पेट्रोल पिऊन फुगतं. झाकण उघडेचना. पंपावरचा माणूस जोर लावून लावून थकला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, "सार, मूत रावट्लेदु!" आता तेलुगूत झाकणाला मूत म्हणतात आणि ते निघत नाही एवढंच बिचारा सांगत होता, हे तुला मला ठाऊक, मागच्या गाडीतल्या, पुण्याहून नुकत्याच आलेल्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी काच खाली करून मला अत्यंत कनवाळूपणे एका मूत्रविकारतज्ज्ञाचं नाव दिलं. दोन पेचकस वाकल्यावर झाकण निघालं, पण बिजागरीच्या खिळीसकट हातात आलं.

ते रुमालात गुंडाळून मी कोठीवर सुट्या भागांच्या सात दुकानांत फिरलो. सहा जणांनी स्कूटरचं झाकण दाखवलं. सातव्याने मात्र ते हातात घेऊन डोळे बारीक केले आणि जामबागच्या एका गल्लीत पाठवलं, सत्तारभाईंच्या लेथवर. सत्तारभाई पंचाहत्तरीचे असतील. त्यांनी झाकण उलटं केलं, बिजागरीवर अंगठा फिरवला, आणि मी कोण हे न विचारताच म्हणाले, "ये तो डाक्टर साब का ढक्कन है. परसोंइच तो मैं पिन डाला इसमें." (आपल्या हैदराबादचं परसों तुला माहीत आहे, ते पन्नास वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतं.)

मी म्हणालो, डॉक्टर माझे वडील, पण त्यांनी कधी झाकण दुरुस्त करून घेतल्याचं मला आठवत नाही.

"साब नहीं लाए. दो चोटियों वाली बिटिया लाई थी. रोती थी. गंडीपेट पे इमली के झाड़ को पीछे से ठोकी बोलके."

अक्का! तू? तू गाडी घेऊन पार गावाबाहेर, गंडीपेटच्या तलावावर गेली होतीस? मैत्रिणीकडे भरतकाम शिकायला जाते असं सांगायचीस, ते हे भरतकाम? मी स्टुलावर बसलोच. पण पुढचं ऐक, कारण हे तुलाही माहीत नाही. तू झाकण घेऊन जायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा स्वतः सत्तारभाईंकडे गेले होते. म्हणाले, उद्या माझी मुलगी वाकलेलं झाकण घेऊन येईल, पिन चांगली घाल, आणि मी येऊन गेलो हे तिला सांगू नकोस. त्यांना सगळं ठाऊक होतं. टाकीत पेट्रोल रोज थोडं जास्त भरून ठेवत होते ते उगाच नाही. एकदा तर तू गाडी काढलीस तेव्हा सायकलरिक्षात बसून तुझ्या मागे निघाले, मुलीला हात बसलाय की नाही ते बघायला. सत्तारभाई हसत म्हणाले, "बशीरबाग तक गए. रिक्षावाला हार गया, साब खुश हो गए. बोले, मेरे से अच्छा चलाती."

आणि मला आठवलं, तुझं लग्न होऊन तू नांदेडला गेलीस त्यानंतर वर्षभर अण्णांनी गाडी काढली नाही. रविवारी नुसती पुसायचे. मी विचारलं तर म्हणाले, इंजिन गरम होतं. मी ते खरं मानलं.

सत्तारभाईंनी दोन दिवस घेतले. नवी स्प्रिंग वळली, रबराऐवजी बुचाची चकती कापून बसवली, खिळी घातली. वाकलेली कड सरळ करू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नक्को. रविवारी सोसायटीची अख्खी कमिटी सेलरमध्ये उतरून कुत्र्यांसारखी हुंगत फिरली. कुलदीप झाकणापाशी नाक नेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अंकल, झीरो स्मेल." शोभाने सगळ्यांना मिरचीभजी दिली. गाडी राहिली.

भावोजींना पुन्हा नमस्कार, लहानांना पापा, आणि कावळ्यांना माफी.

तुझा, वयाने चौसष्ट आणि अकलेने तू म्हणशील तेवढा,
विजय

ता. क. खोटं कशाला बोलू? रविवारी टाकी मी रिकामी करून ठेवली होती. अर्ध्याच्या वर भरली तर झाकण अजून किंचित पाझरतं. हे पत्र कुलदीपच्या हाती पडलं तरी चिंता नाही, त्याला मराठी वाचता येत नाही.

ता. क. २. मुद्द्याचं राहिलंच. गाडीचे कागद अजून अण्णांच्याच नावावर आहेत, त्यामुळे नाव बदलायला वारस म्हणून आपल्या दोघांच्याही सह्या लागतात. फॉर्म सोबत आहे. नव्या मालकाच्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं आहे, बॉलपेनने, म्हणजे मलाच खोडायचा मोह व्हायला नको. पोस्टाने परत पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. दुसरी सीट माझी.

ता. क. ३. झाकण उघडताना खटका आधी थोडा डावीकडे दाबायचा, मग वर. पण हे मी तुला काय सांगतोय!