कागदावरचं ‘काही नाही’

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही ‘सगळं झकास’ म्हणून मोकळे होता, म्हणून लिहितेय. सकाळपासून दोनदा ऑपरेशनच्या खोलीत जाऊन रक्तवाहिनी धरायचे चिमटे मोजून आले. सोबतची नर्स नोएमी म्हणाली, “अगं, वडिलांचं ऑपरेशन अजून लांब आहे, किती मोजशील? बस जरा.” पण बसवत नाही.

तुमच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी जुन्या सायकलच्या ट्यूबसारखी फुगलीय. डॉक्टर लारेगी ती चार-पाच लहान छिद्रांतून, पडद्यावर बघत दुरुस्त करणार. सतरा वर्षं मी त्यांच्या हातात अवजारं देतेय. आत रक्त सुटलं की पडदा नुसता लाल होतो, काही दिसत नाही, आणि पोट उघडायला मोजकी मिनिटं उरतात. म्हणून आमची खरी धडपड आधीच चालते. जुळणारं रक्त आणून ठेवायचं, मोठे चिमटे हाताशी ठेवायचे, आणि पेशंटला खोदून विचारायचं की रक्त पातळ करणारं काही घेता का. तुम्हाला मीच विचारलं. तुम्ही म्हणालात, “औषधं म्हाताऱ्यांना, पोरी.” मी कागदावर ‘काही नाही’ लिहिलं.

माते चहाच्या किटलीत टाकलेल्या पाल्याला आपल्या पाम्पाच्या माळरानात औषध कोण म्हणतं? आई पाय जड व्हायचे म्हणून गोड वासाचा क्लोव्हर, गाईंच्या चाऱ्यातलाच, वाळवायची. तिच्या जुड्या अजून तुमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या आहेत. ओलीनं त्यांना बुरशी आलीय, आणि तुम्ही ती झटकून पाला किटलीत टाकता. तसलाच बुरसलेला क्लोव्हर खाऊन आपल्या गाईंचं काय झालं, आठवतंय ना? शिंगं कापली आणि रक्त थांबेना, कारण बुरसलेला क्लोव्हर रक्त पातळ करतो. ती सगळी गंजी तुम्हीच पेटवून दिलीत.

आता खरं सांगते. जुड्या मी पाहिल्या होत्या. कागद भरायला आले त्या रविवारी तुम्ही दिलेला माते प्यायले आणि आई गेल्यावर तीन वर्षांनी तिच्या हातची चव आली. त्या पाल्याचं विचारलं असतं तर बंद करा म्हणावं लागलं असतं, म्हणून मी गप्प बसले आणि तो कागद तसाच पुढे पाठवला. काल डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते फार चिडले. ऑपरेशन पुढे ढकललंय, सोमवारी तुमचं रक्त तपासायचंय, तोवर वस्तऱ्यानं दाढी करू नका. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी ते मला आत घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. जुड्या आज चुलीत घाला, बाबा. आईची चव जाऊ दे, तुम्ही राहा.

सोमवारी बसस्टँडवर उभी असेन,
तुमचीच एल्विरा