बिबट्या अजून सापडला नाही

भोसरी,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अंबूवन्संना शालनचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. फोन सोडून पत्र कुठून आलं, म्हणाल. साखरेनं तुमच्या भावाचे डोळे नेले, पण कान इतके तिखट झालेत, की दोन खोल्यांच्या घरात तुमच्याशी चार शब्द बोलायची सोय राहिली नाही.

बिबट्याचं तुमच्यापर्यंत पोचलंच असेल. टेकडीवरच्या बागेत दिसला, पिंजरा लागला, फिरणाऱ्यांना बाग बंद. पिंजऱ्यात अजून मांजरही शिरलेलं नाही. शिरणार कुठून, वन्सं? तो बिबट्या मीच सोडलाय.

त्या बागेतली पायवाट म्हणजे ह्यांचा जीव. घरात पाणी प्यायचं तरी मला हाक मारतात, पण तिथं कुणाचा हात धरत नाहीत. खडबडीत कडुनिंब हाताला लागला की डावीकडे वळायचं, गुळगुळीत निलगिरी लागली की बाक आला. झाडं चाचपत एकटे जाऊन यायचे आणि मग दिवसभर घरात माणसासारखे बोलायचे.

मागच्या महिन्यात त्याच झाडांवर पिवळे पट्टे मारले. टेकडीमागं गोदामं झालीत, कंटेनरला रस्ता हवा, तो पायवाटेवरूनच जाणार. सकाळी फिरणारी मंडळी चिडली. सोमवारी मशिनीपुढं आडवं व्हायचं ठरलं, आणि सगळ्यांत पुढं हे. आदल्या संध्याकाळी प्रीतम स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "आई, उद्या मशिनीवर मीच हाय. पप्पांना जाऊ देऊ नको." चाकणच्या कंपनीनं कमी केल्यापासून घरी बसलेला पोरगा, नुकताच कुठं पोकलेनवर लागलाय. नाही म्हण, असं कोणत्या तोंडानं सांगू?

मला दुसरं काही सुचलं नाही. ह्यांना म्हटलं, बागेत बिबट्या दिसलाय, उद्या तिकडं पाऊल टाकायचं नाही. वाटलं, एक माणूस घरी बसेल. ह्यांनी लगेच रंगरावांना फोन लावला, बागेत फिरणाऱ्या मित्राला सावध करायला. रंगरावांनी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. कुणी पंजाचा फोटोही जोडला, कुत्र्याचा का कशाचा देव जाणे. सोमवारी टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. दोन दिवसांत झाडं आडवी झाली. मशिनीपुढं उभी राहायला माणसं होती, वन्सं. ती मी घरात कोंडली.

आता खरं सांगावं तर पोराचं नाव घ्यावं लागतं. बापलेक अजून एका ताटात जेवतात. न सांगावं तर हे खिडकीशी बसून रोज विचारतात, सापडला का गं. मी नाही म्हणते. भाजीला गेले की रंगराव गाठतात, वहिनी, तुम्हाला नक्की कुणी सांगितलं होतं? मी वाट बदलून जाते.

हे लिहीत होते, तर पेनाचा आवाज ऐकून ह्यांनी विचारलं, कुणाला लिहितेस. तुमच्या अक्कांना, म्हटलं. तेवढ्यात प्रीतम कामावरून आला. ओंडके उचलायचं काम अजून चालू आहे. शर्ट खुर्चीवर टाकून तो न्हाणीत गेला. ह्यांनी चाचपत तो शर्ट मांडीवर ओढला आणि नाकाशी नेला. निलगिरीचा वास मला इथवर येत होता.

"अक्काला लिही, बिबट्या अजून सापडला न्हाई," हे म्हणाले. शर्टाची नीट घडी घातली. मग हळूच म्हणाले, "प्रीतमचं काम हुईस्तोवर सापडूबी नये."

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. कधीपासून, ते विचारायची माझी हिंमत नाही. उद्या सकाळी ते विचारतील, सापडला का गं, आणि मी नाही म्हणेन.

तुम्ही याल तेव्हा दारातच बिबट्याची चौकशी करा, वन्सं. प्रीतम घरात असेल; पप्पांना कळलंय, हे त्याला कळायला नको.

ह्यांच्याशेजारी बसलेली,
तुमची शालन