घरच्या शाळेचा खर्च आणि चष्मेवाल्याचा कट

२ जून
आज बारकीचं नाव शाळेतून काढलं. कारण लिहून ठेवते, उद्या कुणी फिरवाफिरवी केली तर पुरावा हवा. वर्गाच्या बाई म्हणाल्या, मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्या. मी विचारलं, कुठे तपासायचे? म्हणाल्या, कोपऱ्यावरचं दुकान बरं आहे. पकडलंच तिथे! दुकान जिभेवर तयारच होतं. चष्म्यामागे किती सुटतात एवढंच विचारायचं राहिलं. आमच्या घराण्यात कुणाला चष्मा नाही.
बारकी आता घरीच शिकणार. ह्यांना सांगितलं. हे पंप दुरुस्त करतात आणि बोलतातही पंपासारखं, बटण दाबल्यावर बराच वेळ काहीच येत नाही. मग म्हणाले, खर्च? म्हटलं, शाळेची फी वाचेल त्यातून. म्हणाले, फी मी मालकाकडून उचल घेऊन भरत होतो. म्हणजे वाचेल ती उचल.
नकारघंटा. लक्ष दिलं नाही.

६ जून
घरच्या शाळेला एवढं काय काय लागतं हे आधी कुणी बोललं नाही. मुद्दाम. पुस्तकं, फोनवरचे क्लास, त्याला रिचार्ज, बाहेरून परीक्षेला बसवायची फी वेगळी. गणिताला मास्तर ठेवला. मी चौथी पास. पुढचं मला येतं, फक्त सांगता येत नाही.
ठराव : सगळा खर्च मी एकटी उभा करणार.

९ जून
भंगारवाल्याकडून जुना फळा आणला. फार स्वस्त दिला, म्हणजे कुठेतरी तडा असणार. तासभर शोधला. सापडला नाही. म्हणजे आतून असणार.
बारकी फळ्याला नाक लावून बसते. नाकाला खडू. सासूबाई म्हणाल्या, अगं, पोरीला दिसत नाही की काय? म्हटलं, अभ्यासाची ओढ म्हणतात याला. शाळेत बाकावर डांबून ठेवायचे, फळ्याजवळ जाऊच देत नव्हते.

१५ जून
डब्यांचा धंदा सुरू. चार गिऱ्हाइकं, चारही एकाच ऑफिसातली. चाराचे आठ, आठाचे सोळा. वर्षाच्या आत मास्तरच काय, मास्तरचा मास्तर ठेवीन.

२४ जून
डब्यांचा धंदा बंद.
त्यातल्या टकल्याचा डबा रोज अर्धा परत यायचा. विचारलं तर म्हणे भूक नसते. भूक नाही तर डबा लावला कशाला? बाहेर खात असणार. आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात जाऊन खांबाआड उभी राहिले. माझाच डबा खात होता. तरी विचारलं, कालचं अर्धं कुठे टाकलं? सगळ्यांसमोर. तो म्हणाला, बाई, उद्यापासून नको. बाकीचे तिघेही म्हणाले, आम्हालाही नको. चौघांची भूक एकाच मिनिटात नाहीशी? आधीच ठरलेलं होतं.

२८ जून
मास्तरला काढलं. म्हणाला, काकू, पोरगी गणितात पक्की आहे, तिला आकडे दिसत नाहीत. तिनाला सहा वाचते. म्हटलं, मग चष्मा कुठल्या दुकानातून घेऊ? म्हणाला, कुठल्याही. हा बाईंपेक्षा बेरकी, दुकानाचं नाव घेतलं नाही. पण स्वतः काय लावतो? चष्मा. स्वतःच्या चष्म्याची उधारी अशी फेडतो.
मास्तरचा पगार वाचला. चांगलंच झालं.

८ जुलै
बाहेरच्या खोलीत पडदा टाकून अर्धी भाड्याने दिली. एक बाई आलीय. रात्री कामाला जाते, दिवसा झोपते. म्हणते नर्स आहे. दिवसा झोपणाऱ्या माणसाचं काहीतरी असतंच. लक्ष ठेवणार.

११ जुलै
काल रात्री तिच्या मागे मागे गेले. थेट दवाखान्यात शिरली. आत जाऊन बघितलं तर नर्सचे कपडे घालून एका म्हाताऱ्याला गोळ्या देत होती. म्हणजे नर्सच निघाली. परत फिरणार तेवढ्यात तिने मला पडद्याआड पाहिलं. आज सामान बांधलं. जाताना म्हणाली, मावशी, माझ्यावर ठेवलीत तेवढी नजर मुलीच्या डोळ्यांवर ठेवा, फार बारीक करून बघते ती.
आता साखळी जुळली. बाई, मास्तर, दवाखाना. चष्मेवाल्याने किती माणसं पेरलीत!

१९ जुलै
रिचार्ज संपला. फोनवरचा इतिहास अर्ध्यात थांबला. राजा घोड्यावरच आहे.
परीक्षेची फी ऑगस्ट संपायच्या आत भरायची. नाही भरली तर बारकीचं वर्ष फुकट. सासूबाईंनी विचारलं, मग गं? म्हटलं, माझ्या डोक्यात आहे.
डोक्यात काही नाही. पण ते त्यांना कशाला सांगू.

२२ जुलै
डोक्यात आलं. शाळेत आगाऊ भरलेली अर्ध्या वर्षाची फी परत मागायची. गेले. गेटवर कुणी नाही! सरळ आत, सरळ मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर. तिथे एक जण बसलेला. कोण म्हणून विचारलं तर नळ दुरुस्तीवाला. आमच्या घरात नळ आणि पंप यांवरच जेवण चालतं. म्हटलं, पिशवी दाखवा. पिशवीत पाना नाही. कुठला नळ गळतो? तळमजल्यावरचा. तळमजल्यावर नळच नाही, मी येतानाच बघितलंय. तो उठला आणि जो पळाला तो पळालाच. मग मोठ्या बाईंना झाडलं. म्हटलं, तुमच्या शाळेत कुणीही शिरतं, उद्या मुलं उचलून नेतील. त्या ऐकत राहिल्या. फी परत मिळणार नाही म्हणाल्या. नोकरी घेता का म्हणाल्या. गेटवर.
आधी संशय आला. पण आत राहूनच शाळेचं खरं रूप बाहेर काढता येईल. शिवाय पगार. हो म्हटलं. म्हणाल्या, इथल्या माणसांच्या मुलांना फी माफ असते. म्हटलं, आमची घरी शिकते, पगार घरच्या शाळेलाच लागणार आहे. बाई माझ्याकडे नुसत्या बघत बसल्या. काय बघत होत्या कोण जाणे.

५ ऑगस्ट
गेटवर बारा दिवस झाले. खाकी शर्ट, टोपी, शिट्टी. संस्थेच्या अध्यक्षांच्या गाडीची डिकी उघडायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब आहेत आत. म्हटलं, साहेब मागे बसतात, डिकीत कोण बसतं ते बघायचंय. डिकीत फक्त छत्री. ठीक आहे. पुढच्या वेळी.
वर्गाच्या बाई रोज समोरून जातात. ओळखपत्र रोज मागते. रोज दाखवतात, हसतात. हसण्यासारखं काय आहे?

१२ ऑगस्ट
एक अडचण. मी सकाळी साडेसातपासून गेटवर. मग घरच्या शाळेत शिकवतं कोण? सासूबाई म्हणाल्या, मी बघते. आज बारकीला विचारलं, काय शिकलीस? तिने मालिकेतल्या तिन्ही घराण्यांची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवली, दत्तकांसकट. टीव्हीच्या काचेवर नाकाचा ठसा होता.
हे म्हणाले, तू त्यांच्या शाळेचं दार राखतेस आणि आपली शाळा सताड उघडी. इतकं लांब वाक्य ते कधी बोलत नाहीत. कुणीतरी शिकवलंय.

१९ ऑगस्ट, दुपार
अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.
आज डबा घरी विसरले. बारकी घेऊन आली. रस्ता ओलांडताना मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि शिवी घातली, कारण हिने गाडी बघितलीच नाही. मी शिट्टी फुंकत राहिले. ती गेटपाशी आली, चार हात अंतरावर उभी राहिली आणि मला म्हणाली, मावशी, माझी आई आहे का आत? तिचा डबा आहे.
वाटलं, थट्टा करतेय. म्हटलं, पुरे आता. तेव्हा आवाज ओळखून हसली. अय्या आई, तू होय! टोपीमुळे ओळखलंच नाही.
टोपी काढली. तिला तिथेच थांबायला सांगितलं. म्हटलं, आता सांग, माझा चेहरा कसाय? डोळे बारीक केले, मान वाकडी केली, म्हणाली, रागावलीयस. नेहमीसारखी.
रागावले नव्हते.

२० ऑगस्ट
पगार काल झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं नाही हे पक्कं. लांबच्या तीन दुकानांत तपासणी केली. तिघांनी तोच नंबर सांगितला. तिघेही सामील. भाव कोपऱ्यावरच्याचा सगळ्यांत कमी, शेवटी तिथेच. मी तोंडावर विचारलं, शाळेच्या बाईंना किती देता? तो म्हणाला, कुठल्या बाई? काचेचे पैसेही त्याने कमी लावले. का लावले? लक्ष ठेवायला हवं.
परीक्षेच्या फीचे पैसे चष्म्यात गेले.
म्हणून बारकीला सोमवारपासून शाळेत घालतेय, फी माफ आहे तिथे. खरं तर माझा बेत पहिल्यापासून हाच होता. आत शिरायचं, गेट ताब्यात घ्यायचं, मग मुलगी आणायची. ह्यांना समजावून सांगितलं. हे हसायला लागले ते थांबेनात.

सोमवार
सकाळी बारकी रांगेतून आली. तिलाही ओळखपत्र विचारलं, नियम म्हणजे नियम. वर्गाच्या बाई मागेच होत्या. चष्मा बघितला, माझ्याकडे बघितलं, एक अक्षर बोलल्या नाहीत. हे जास्त संशयास्पद.
बारकी आत गेली. मैदानाच्या पार पलीकडे, वर्गाच्या दारात जाऊन वळली आणि तिथून सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली, आई गं, शर्टाचं बटण! खालचं वरच्या काजात लावलंयस!
बघितलं. होतं.
म्हणजे सकाळपासून अख्खी शाळा माझ्यासमोरून ओळखपत्रं दाखवत आत गेली, आणि कुणीही सांगितलं नाही. सगळे सामील.
एक बारकी सोडून.